लेबलावरचा चेहरा

"ताई, चमकी डावीकडं घेऊ का उजवीकडं?" प्रांजलनं माउसवरचा हात न काढता विचारलं, आणि चंदनाला उत्तर आलं नाही.

प्रश्न साधा होता. साताऱ्यात राधिका रोडवरच्या एका गाळ्यात प्रांजलचं छपाईचं दुकान होतं. मागे फ्लेक्सचं यंत्र घरघरत होतं, आणि समोर पडद्यावर एक लंबगोल, त्यात एका बाईचा चेहरा आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'राजमती'. चेहरा चंदनानंच पेन्सिलीनं कागदावर काढून दिला होता. डोक्यावरून घेतलेला पदर, मधोमध भांग, रुंद कपाळ, किंचित पुढे आलेली हनुवटी. कागदावर नाक तिनं समोरून काढलं होतं आणि चमकीची बाजू न ठरवता मधोमध नुसतं एक टिंब दिलं होतं. आता प्रांजल वाट बघत होती. चंदनानं आपल्याच नाकाकडे हात नेला, आधी डावीकडं, मग उजवीकडं. "बायका डावीकडंच घालतात ना?" प्रांजल म्हणाली. "हो, घालतात," चंदना म्हणाली, "पण थांब जरा. उद्या सांगते." दिवाळीच्या प्रदर्शनाला बारा दिवस राहिले होते, लेबलं छापायला टाकायची होती, आणि तिला आपल्या आईचं नाक आठवत नव्हतं.

घरी येईपर्यंत तिनं आईला सगळ्या बाजूंनी आठवून पाहिलं. चुलीपाशी वाकलेली आई दिसली, पण ती पाठमोरी. सांगलीजवळ माधवनगरला, माहेरच्या घराच्या सोप्यात शेंगदाणे पाखडणारी आई दिसली, तर सुपाआड चेहरा. हात मात्र लख्ख आठवत होते. उखळात शेंगदाणे, सुकी मिरची आणि मीठ घालून कांडताना मनगटावर सरकणाऱ्या बांगड्या, बोटांच्या पेरांत शिरलेलं लाल तेल, चटणी झाली की नाही हे बघायला दोन बोटांत चिमूट दाबून बघायची तिची रीत. ती चटणी बिनलसणाची. तिच्या माहेरचं, चौगुल्यांचं घर जैनांचं, घरात कांदा-लसूण कधी आला नाही. चंदना लग्न करून निकमांच्या घरी आली तेव्हा सासूनं, बनुबाईनं, पहिल्याच आठवड्यात ती चटणी चाखून म्हटलं होतं, "आगं, लसूण इसरलीस जनू." आणि दुसऱ्यांदा जिभेवर घेऊन म्हटलं होतं, "न्हाई, ऱ्हाऊ दे. ह्याचं काय येगळंच हाय." तिथून ती चटणी शेजारी गेली, मग नवऱ्याच्या, जयराजच्या, कारखान्यातल्या मित्रांच्या डब्यांत, मग बचत गटाच्या स्टॉलवर. स्टॉलवर लोक विचारायचे, बिनलसणाची कशी काय? चंदना सांगायची, माझ्या आईची आहे. माझी आई ना, असं म्हणून ती जी सुरुवात करायची, ती गिऱ्हाईक हसत पाकीट घेऊन जाईपर्यंत थांबायची नाही. हे तिला आता रस्त्यातच जाणवलं, की गेली दोन वर्षं ती परक्या लोकांना जी आई सांगत होती तिला नाक नव्हतंच.

फोटो एकही नव्हता. घर सोडताना तिनं पदवीचं प्रमाणपत्र, दोन ड्रेस आणि आधार कार्ड घेतलं होतं. फोटो घ्यायचे असतात हे पंचविसाव्या वर्षी सुचलं नव्हतं. ती एकुलती एक, त्यामुळे मागाहून कुणी गुपचूप पाठवेल असा भाऊ नाही, बहीण नाही. वडिलांनी, अण्णांनी, बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, चार लोकांसमोर सांगितलं होतं की आमची मुलगी आम्हाला नाही, हे तिला एका मैत्रिणीकडून कळलं. ती मैत्रीणही पुढं पुण्याला गेली. लग्नानंतर वर्षभरानं चंदनानं एकदा घरच्या फोनवर फोन केला होता. पलीकडं कुणीतरी उचलला, बोललं नाही. फक्त श्वास येत होता, जरा चढलेला, कामावरून उठून आल्यासारखा. मग फोन ठेवला गेला. तो श्वास आईचा होता याबद्दल तिला शंका नव्हती. अण्णा जवळ असणार, म्हणून तिला बोलता आलं नसणार. त्या एका श्वासावर चंदना नऊ वर्षं जगली होती. दार अण्णांनी लावलं आहे आणि दाराच्या आतल्या बाजूला आई कान लावून उभी आहे, हे चित्र तिनं मनात इतक्या वेळा काढलं होतं, की ते आता पेन्सिलीनं काढलेल्या चेहऱ्याहून पक्कं झालं होतं.

"कुठल्याबी बाजूला दे की," जयराज जेवताना म्हणाला. "कोण तपासाय येणार हाय?"

"मी," चंदना म्हणाली.

त्यानं घास तसाच हातात धरून तिच्याकडं पाहिलं. "येऊ का संगं?"

"नको. लांबूनच बघून येते."

लांबून म्हणजे कुठून, हे तिनं सकाळी सांगलीच्या एसटीत बसल्यावरच ठरवायला घेतलं. समोरच्या पिठाच्या गिरणीपाशी उभं राहायचं, आई पाण्याला किंवा बस्तीला बाहेर पडेल तेव्हा बघायचं आणि परत फिरायचं. कऱ्हाड गेलं. उसाच्या मोळ्या लादलेल्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या, आणि दर वेळी गाडी थांबली की तिचा बेत थोडा बदलत होता. गिरणीपाशी उभं राहायचं. आईची नजर गेली तर हात करायचा. आई रस्ता ओलांडून आली तर फोनवरचं चित्र दाखवायचं. मुलीचा फोटो दाखवायचा, सात वर्षांची झाली, तुझ्यासारखं कपाळ आहे म्हणायचं. आई पदर तोंडाला लावेल. इस्लामपूर येईपर्यंत त्या दोघी गिरणीच्या ओट्यावर बसून बोलत होत्या आणि आई विचारत होती की बाई, तुझ्या चटणीत मिरची कुठली घालतीस. चंदनानं खिडकीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. इतकं सगळं एका चमकीसाठी, असं तिच्या मनात आलं. पण चमकीसाठी नाहीच, हे तिला साताऱ्याच्या स्टँडवरच माहीत होतं.

माधवनगरात रिक्षातून उतरली तर पिठाची गिरणी नव्हती. तिथं मोबाइलचं दुकान झालं होतं. उभं राहायला आडोसा नाही, ऊन चढलेलं, आणि घराचं दार सताड उघडं. दारावर खडूनं लिहिलेली पाटी होती, 'पापड मिळतील'. अक्षर आईचं. शाळा चौथीपर्यंत, तीही पलीकडे अथणीला कानडी शाळेत, त्यामुळे तिचं मराठी अक्षर नेहमीच गोल गोल यायचं. चंदना ते अक्षर बघत किती वेळ उभी होती कोण जाणे. मान वर केली तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती.

चमकी उजवीकडं होती. तिच्या माहेरच्या, अथणीकडच्या रीतीची. ते दिसलं आणि त्याच क्षणी त्याचं काही महत्त्व राहिलं नाही. आई वाळली होती. हनुवटी अजून पुढे आली होती आणि डोळे स्थिर होते. ओळख पटली हे त्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. चंदनानं पाऊल उचललं.

"पापड संपल्यात, बाई," आई म्हणाली.

चंदनाला वाटलं, आत अण्णा आहेत. म्हणून असं. तिनं आवाज खाली आणला. "आई, मी लांबूनच—"

"संपल्यात म्हटलं न्हवं का."

आतून, सोप्यातल्या कॉटवरून, आवाज आला. जड, शब्द एका बाजूला ओढत बोलणारा. "कोण आलंया गं?"

"कोण न्हाई. पापडाचं गिऱ्हाईक."

"मग आत घे की. उन्हात हुबं केलंयस. पाणी दे बाईंना."

हे अण्णा होते. पोरीच्या शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर दारात उभे राहणारे, कापडगिरणी बंद पडल्यावर हळदीच्या अडतीवर दिवाणजी झाले तरी घरात मालकासारखे बोलणारे अण्णा एका अनोळखी बाईला पाणी द्यायला सांगत होते. आई आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. भांडं हातात न देता तिनं ते उंबऱ्यावर ठेवलं. चंदनानं वाकून उचललं, प्यायली. पाणी पिताना तिला कॉटचा पाय दिसला, त्यावरून लोंबणारा एक सुजलेला पाय, आणि खाली एक रबरी चप्पल.

"अर्धांग झालं," आई हळू आवाजात म्हणाली. शेजारणीला सांगावं तसं. "दोन वर्षं झाली. डोळ्यांनी दिसत न्हाई धड. ऐकू बी कमी येतंय."

"मला कुणी कळवलं नाही."

"कुणी कळवायचं?"

चंदनानं घाईघाईनं, जणू याच कामाला आली होती, फोन काढून चित्र दाखवलं. धंदा सुरू केलाय, तुझी चटणी, तुझंच नाव दिलंय, पाकिटावर लावायला लोगो केलाय. आईनं फोन हातात घेतला नाही. मान जराशी तिरपी करून बघितलं.

"ही कोण?"

"तू."

"ही हसतीया," आई म्हणाली. "माझं त्वांड लावू नको कशावर. नाव बी नको."

"अण्णांना आवडणार नाही म्हणून?"

"त्यांचं काय काढतीस? त्यांनी तुझं नाव कितींदा काढलं. चंदीला फोन लाव, चंदीला बलीव. मीच न्हाई लावला. तू केलतास त्यो बी मीच ठेवला." आई दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती, आणि तो हात वाट अडवण्यासाठी आहे हे चंदनाच्या आत्ता लक्षात आलं. "कुणावर भाळलीस, कुणाच्या घरात गेलीस, त्याचं मला काय न्हाई. लोक बोलतील त्याचं बी न्हाई. दहा दिवसांचा उपास व्हता माझा. अकरावा दिवस. पारण्याचं पाणी तुझ्या हातनं घेणार म्हणून पाटावर बसलेली. आलेच घेऊन, म्हणालीस तू."

म्हणाली होती. स्वयंपाकघरात चंदना उभी होती, चुलीवर पाणी उकळून गार करायला ठेवलं होतं, पाहुणे, पोरंटोरं सगळी बस्तीत गेली होती, आणि मागच्या बोळात जयराजची मोटारसायकल. तो दिवस तिनंच निवडला होता, घरात आईखेरीज कुणी नसेल म्हणून. सोप्यातून आईनं हाक मारली होती, अगं आण की. दहा दिवसांच्या उपासानं आवाज चिरका झाला होता. आलेच घेऊन, असं म्हणून चंदनानं मागचं दार ओढलं होतं. इतकी वर्षं ती स्वतःला हा दिवस सांगत आली होती तो मोटारसायकलपासून पुढं. मागच्या दाराच्या आतलं तिनं पाटी पुसावी तसं पुसून टाकलं होतं.

"तीन वाजेस्तोवर मी तशीच बसलेली," आई म्हणाली. "बोळातनं पोरं सांगत आली तरी बसलेली. वाटलं, पाणी देऊन जाईल."

"आई."

"आता काय आई."

"मला अण्णांना भेटू दे. एकदा. मग जाते."

आईनं मागं वळून कॉटकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हललं. "भेट की," ती म्हणाली. "पर आधी ऐक." आणि तिनं आवाज चढवला. "आवं, बाई साताऱ्यासनं आल्यात म्हणं!"

कॉट करकरली. "सातारा? साताऱ्यात आमची पोरगी दिलीया!"

दिलीया. चंदनानं भांडं दोन्ही हातांनी धरलं.

"निकमाच्यात दिलीया," अण्णा मोठ्यानं, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या आवाजात सांगत होते. "चांगली माणसं हायती. जातीची न्हवं, पर आमी म्हटलं, पोरीचं मन हाय. लगीन आमच्या दारातच केलं. मांडव पार त्या कोपऱ्यापतोर. जिलबीला आचारी मिरजेस्नं आणलेला. सातशे पान उठलं, बाई! आन सगळी जेवणं दिवस मावळायच्या आत. एक माणूस उपाशी गेला न्हाई."

"छान झालं म्हणायचं," चंदना म्हणाली. मग ते ऐकू गेलं नसेल म्हणून तिनं मोठ्यानं पुन्हा म्हटलं, "छान झालं, अण्णा!" गिऱ्हाईकही म्हणेल तसं. गावात सगळेच त्यांना अण्णा म्हणायचे.

"लय छान! पोरगी जाताना रडली न्हाई बघा. हसत गेली. हिनंच लय रडून घेतलं."

आई चौकटीशी हलली नाही. "अर्धांग झाल्यापास्नं असंच हाय," ती पुटपुटली. "तू कशी गेलीस, ते बस्तीत काय बोलले, सगळं गेलं. रोज एकदा लगीन हुतंय. कवा जिलबी, कवा बुंदी. डॉक्टर म्हणतो, बोलू द्या." तिनं चंदनाकडं सरळ पाहिलं. "जा आत. पर तुझा आवाज जवळनं ऐकल्यावर, त्वांडावरनं हात फिरवल्यावर त्यांना ते सगळं आठवलं तर? मला ठाव न्हाई आठवंल का न्हाई. तूच बघ." आणि तिनं चौकटीवरचा हात काढला.

वाट मोकळी होती. आठ-नऊ पावलं. चंदनाला कॉटवरची चादर दिसत होती, निळ्या चौकटीची, तिच्या वेळची. अण्णा स्वतःशीच हसत होते. मांडवाच्या बल्ल्या कुणाकडून आणल्या ते नाव त्यांना आठवत नव्हतं आणि ते दोनतीन नावं घेऊन बघत होते. आत जावं, त्यांच्या सुजलेल्या पायावर डोकं ठेवावं, आणि त्यांनी आठवून शिव्या घातल्या तरी त्या खऱ्या असतील, तिच्यासाठी असतील. गेली नऊ वर्षं तिनं हेच मागितलं होतं. पण आत्ता या घरात एकच माणूस सुखी होता, आणि त्या सुखात ती हसत सासरी गेली होती. तिनं भांडं उंबऱ्यावर परत ठेवलं.

"येते," ती म्हणाली.

"बाई!" आतून अण्णा ओरडले. "भेटली कुठं बाजारात तर सांगा तिला. चंदना निकम. म्हणावं, अण्णा बरा हाय. काळजी करू नको म्हणावं."

"सांगते!"

आईनं भांडं उचललं. चंदना अजून उभी होती. आई विचारेल, मुलंबाळं किती, नाव काय, असं तिला शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होतं, आणि फोनवर मुलीचा फोटो उघडून तिनं अंगठा ठेवलेला होता. आईनं त्या फोनकडं बघितलंसुद्धा. मग ती कानडीत एकच शब्द म्हणाली, "साकू." पुरे. पोटभर जेवल्यावर वाढणाऱ्याला ती तसंच म्हणायची आणि लहानपणी चंदनाचं रडणं थांबेना तेव्हाही. दार तिनं लावलं नाही. अण्णांना उजेड लागत असावा. ती नुसतीच आत निघून गेली.

परतीच्या गाडीत प्रांजलचा फोन आला. लेबलं छापणारा प्रेसवाला थांबलाय, आजच द्यायला हवं, चमकीचं काय ठरलं. चंदना म्हणाली, "चेहराच काढून टाक." प्रांजलला वाटलं, आवाज तुटतोय. चंदनानं पुन्हा सांगितलं. चेहरा काढ, आणि नावही काढ.

"मग ताई, लोगोत राहिलं काय?"

"शेंगेचं चित्र टाक. चंदना लिही. खाली, बिनलसणाची शेंगाचटणी."

"शेंगेचं चित्र तर सगळ्यांच्याच पाकिटावर असतं," प्रांजल नाराज होऊन म्हणाली. तिनं त्या चेहऱ्यावर दोन दिवस काम केलं होतं. "बरं, मग खाली एक ओळ तरी घालूया. आईच्या हातची चव, असं काहीतरी. लोकांना आवडतं."

"नको."

"का ओ ताई?"

बाहेर ऊस संपून पुन्हा ऊस सुरू झाला होता. "शेंग चांगली काढ," चंदना म्हणाली. "टरफलावरच्या रेघा दिसू देत." आणि फोन ठेवल्यावर मात्र तिला रडू फुटलं. शेजारच्या म्हातारीनं काही न विचारता आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि तिला ऐसपैस जागा करून दिली.

साताऱ्याच्या स्टँडवर जयराज गाडी घेऊन उभा होता, संध्याकाळच्या गर्दीत, आत येणाऱ्या प्रत्येक एसटीकडं मान उंच करून बघत. तिचा चेहरा बघून त्यानं चमकीचं विचारलं नाही. तिच्या हातातली पिशवी घेऊन त्यानं हँडलला अडकवली आणि थोड्या वेळानं म्हणाला, "अण्णांनी हाकललं काय?"

"नाही. लग्नाचं सांगितलं."

"कुणाच्या?"

"आपल्या."

तिनं तिथंच, रिक्षावाल्यांच्या ओरड्यात, त्याला सगळं सांगितलं. मांडव, आचारी, जिलबी, जातीची नव्हेत पण माणसं चांगली. जयराजचं आणि तिचं लग्न रजिस्ट्रारच्या कचेरीत झालं होतं, दोन साक्षीदार आणि बाहेर हातगाडीवर चहा. तो ऐकत राहिला. एकदा त्यानं तोंड बाजूला वळवलं आणि बाहीनं पुसलं. मग गाडीला किक मारायच्या आधी, खाली बघत, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं त्यानं विचारलं,

"किती पान उठलं?"

"सातशे," चंदना म्हणाली. "दिवस मावळायच्या आत. एक माणूस उपाशी गेला नाही."